मातीसकट कुंडी कुणाला देऊ नका

ब्रिस्बेन, इप्सविच, लोगन आणि गोल्ड कोस्टमधल्या मराठी घरांना कळकळीची विनंती: आजपासून कुणालाही मातीसकट कुंडी देऊ नका आणि कुणाकडून घेऊही नका.

फायर अँट ही मूळची दक्षिण अमेरिकेतली तांबूस-तपकिरी मुंगी २००१ मध्ये ब्रिस्बेनला सापडली. तिची राणी उडते खरी, पण लांबचा पल्ला ती आपल्याच हातून गाठते. माती, गवताचे भारे, खत आणि कुंड्या हीच तिची वाहनं. नोव्हेंबर २०२३ मध्ये ती न्यू साउथ वेल्समधल्या मरविलंबाला सापडली. तिचा डंख निखाऱ्यासारखा भाजतो, मग पुवाळलेला फोड येतो, आणि तीव्र ॲलर्जी असेल तर जीवही जाऊ शकतो. आपली पोरं अंगणात अनवाणी खेळतात हो!

नर्सरीवाल्यांकडे यावर उपाय आहे. लागवडीआधीच कुंडीच्या मातीत बायफेन्थ्रिनसारख्या कीटकनाशकाचे दाणे मिसळतात. बायफेन्थ्रिन मातीच्या कणांना घट्ट धरून राहतं, पाण्याबरोबर सहज वाहून जात नाही. त्यामुळे कुंडीत घर करायला आलेली राणी कित्येक महिन्यांनंतरही तिथं तग धरत नाही. वरवरच्या फवाऱ्याने हे साधत नाही. बाहेर फिरणाऱ्या मुंग्या मरतात, राणी आत सुखरूप राहते. म्हणून रोप घेताना नि:संकोच विचारा: मातीला औषध दिलंय का, कधी दिलंय? धड उत्तर मिळालं नाही, तर रोप तिथंच ठेवा.

घरी मात्र हे प्रयोग नकोत. तुळशीचं पान तीर्थातून आपल्या पोटात जातं, गवती चहा रोज उकळतो. खाण्याच्या झाडांसाठी मान्यता नसलेलं औषध त्या कुंड्यांत घालू नका. बायफेन्थ्रिन मासे आणि मधमाश्यांनाही घातक आहे. त्यापेक्षा कुंड्या जमिनीवरून उचलून स्टँडवर ठेवा. मैत्रिणीला तुळस द्यायची असेल, तर मंजिऱ्या द्या.

भुसभुशीत मातीचा ढिगारा दिसला आणि वर ये-जा करायचं भोक नसेल, तर त्याला काडी लावू नका, उकळतं पाणी ओतू नका. डिवचलं की मुंग्या राणीला घेऊन दुसरीकडे सरकतात. लांबूनच फोटो काढा आणि १३२ २६८ या क्रमांकावर कळवा. क्वीन्सलंडमध्ये संशय आल्यापासून २४ तासांत कळवणं कायद्यानं बंधनकारक आहे. आज उजेड आहे तोवर प्रत्येक कुंडीचा तळ तपासा.