नाताळची चांदणी घरचीच बरी!

मैत्रिणींनो, डिसेंबर उजाडला की आमच्या शहापूर-मुरबाडकडेही दुकानांतून चमकीच्या माळा आणि प्लॅस्टिकची झाडं लटकू लागतात. मुलं हट्ट धरतात अन् आपण पर्स चाचपतो. मला विचाराल तर ही सजावट विकत आणायची गरजच नाही.

दिवाळीला घरी आकाशकंदील करणारीला चांदणी काय अवघड? पाच-पाच कामट्यांच्या दोन चांदण्या बांधा, मध्ये बोटभर काड्यांचे टेकू द्या, वर खळीने पतंगाचा कागद चिकटवा. आत छोटा एलईडी दिवा लावला की कागद तापत नाही.

आणि गोठा? १२२३ साली इटलीतल्या ग्रेच्चो गावी संत फ्रान्सिस यांनी ख्रिस्तजन्माचा देखावा मांडला, तो खराखुरा चारा आणि बैल-गाढव आणून. आपल्याकडे तर भाताची झोडणी नुकतीच आटपलेली, पेंढा दारातच! सजावटीच्या थर्माकोलला तशीही २०१८ पासून राज्यात बंदी आहे.

एकच सांगते, कामट्या घेताना घासाघीस नको. दुकानातली छापील किंमत आपण मुकाट्याने मोजतो आणि बांबू सोलताना बोटं चिरून घेणाऱ्या बाईला मात्र म्हणतो, "पाच रुपये कमी कर गं!" गेल्या वर्षी मीही तेच केलं. चांदणी छान झाली, पण तिच्याकडे बघताना मन खात राहिलं. गोठ्यात जन्मलेल्या बाळाचा सण. त्यात गरिबाच्याच पोटाला चिमटा काढला, तर ती काटकसर कसली?