चाकांवरच्या घरातील दोन शय्या

परिग्रहाचे परिमाण हे श्रावकाचे पाचवे अणुव्रत. व्यापारी घरांत ते बहुधा सोने, जमीन आणि रोकड यांच्याच संदर्भात आठवले जाते. परंतु मुलांसाठी दोन बिछाने बांधतानाही या व्रताची कसोटी लागू शकते. अमेरिकेत स्थायिक झालेल्या एका जैन कुटुंबाला याचा प्रत्यय आला.

हे कुटुंब मूळचे सांगलीचे. वास्तव्य ओहायो राज्यातील क्लीव्हलँडजवळ. त्यांनी एक जुने मोटारहोम विकत घेतले. मोटारहोम म्हणजे स्वयंपाकाचा ओटा, पाण्याची टाकी, शौचालय आणि झोपण्याची सोय असलेली मोठी गाडी. आचार्य सुशीलकुमार यांनी 1983 साली न्यू जर्सीत स्थापन केलेल्या सिद्धाचलम तीर्थाची यात्रा करावी, हा हेतू. वाटेत शुद्ध आहाराची चिंता नको, म्हणून सूनबाईही आनंदात होत्या. अडचण एकच होती. आठ वर्षांचा मुलगा आणि पाच वर्षांची मुलगी यांनी झोपायचे कोठे?

मुलाच्या वडिलांनी उपाय योजला. मागचे बाकडे काढून तेथे रेल्वेच्या बर्थसारख्या एकावर एक दोन शय्या बांधायच्या, संध्याकाळी निघायचे, मुले झोपेत असताना रात्रभर गाडी चालवायची आणि सकाळी दर्शन घ्यायचे.

त्याच सुमारास आजोबा नातवंडांना भेटण्यास गेले होते. चाळीस वर्षे लाकडाची वखार चालवलेल्या आजोबांच्या हाती सामानाची यादी आली. तीत 18 मिलिमीटर जाडीच्या प्लायवूडच्या तीन शीट होत्या.

“अरे, लाकूड आणण्याआधी गाडीला किती ओझे चालते ते पाहिलेस का?”

“अण्णा, एवढी मोठी गाडी आहे. दोन फळ्यांनी काय होणार?”

“वखारीत ट्रक भरतानाही आपण आधी काटा करत होतो. इथे तर मुले झोपणार आहेत.”

गाडीतील पट्टीवर कमाल भाराचा आकडा छापलेला होता : माणसे, सामान आणि पाणी मिळून 700 किलो. आजोबांनी वहीत जमा-खर्च मांडला. पाच माणसे 251 किलो. भरलेली टाकी 150 किलो, कारण एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. धान्य, भांडी, कपडे, अवजारे 220 किलो. शिल्लक 79 किलो. आठ बाय चार फुटांची ती एक शीट सुमारे 35 किलोंची, म्हणजे तीन शीट 105 किलो, गाद्या वेगळ्याच. भार मर्यादेबाहेर गेला की टायर आणि ब्रेक या दोहोंवर ताण येतो. आणि जड लाकूड उंचावर बसवले तर वळणावर गाडी अधिक कलते.

नवा आराखडा तयार झाला. सलग फळीऐवजी हलक्या पाइन लाकडाची चौकट आणि तीवर अंतर ठेवून बसवलेल्या पट्ट्या. लाकूड 40 किलोंत बसले, दोन गाद्या 16 किलोंत. पट्ट्यांचा दुसरा लाभही मोठा. झोपलेल्या माणसाच्या श्वासातील आणि अंगातील बाष्प थंड फळीवर गादीखाली साठते व तेथे बुरशी धरते. ती अनंतकाय जीवांची उत्पत्ती. नंतर खरवडून हिंसा करण्यापेक्षा हवा खेळती ठेवून ती होऊच न देणे, हीच खरी जयणा.

सामान निवडतानाही हाच विवेक राहिला. सुतारकामातील जुना सरस जनावरांच्या कातडी-हाडांपासून होतो. म्हणून कृत्रिम पांढरा गोंद घेतला. गादीत लोकर वा पिसे नकोत, हेही दुकानात विचारून घेतले. बाकी जोडणीत केवळ स्क्रूंवर विसंबता येत नाही, कारण रस्त्याच्या हादऱ्यांनी ते सैल होतात. म्हणून आरपार बोल्ट आणि नायलॉक नट वापरले. मोटारहोमची भिंत आतून पोकळ असते, म्हणून बोल्ट भिंतीच्या आतील चौकटीतच घेतले. मागची खिडकी आपत्कालीन बाहेर पडण्याची होती. ती झाकली जाऊ नये यासाठी खालची शय्या चार बोटे खाली सरकवली.

कठड्याच्या बाबतीत अमेरिकेतील घरगुती दुमजली पलंगांचे नियम मार्गदर्शक ठरले. वरच्या शय्येचा कठडा गादीच्या वर किमान पाच इंच हवा. त्यामुळे जाड गादी घातली की संरक्षण तेवढेच कमी होते. कठड्यातील फट साडेतीन इंचांहून अधिक नको; कारण मुलाचे अंग त्यातून निसटते आणि डोके अडकते. आणि सहा वर्षांखालील मूल वर झोपवू नये.

हा शेवटचा नियम धाकटीला मानवला नाही. “दादाला वर, मग मला का नाही?” म्हणून ती रडली. सूनबाई क्षणभर विरघळल्या; कठडा तर आहेच, असे त्यांना वाटले. आजोबांनी नातीला जवळ घेतले. “तुझा सहावा वाढदिवस झाला की तू वर. तोवर तुझ्या शेजारची खिडकी तुझी.” नियम मोडला गेला नाही.

राहिला प्रश्न रात्रीच्या प्रवासाचा. मुलगा म्हणाला, “अण्णा, रात्री झोपेत प्रवास व्हावा म्हणून तर हा सारा खटाटोप.” आजोबांनी एवढेच विचारले, “अचानक ब्रेक लागला तर झोपलेल्या लेकराला धरणार कोण?” त्याला उत्तर नव्हते. कठडा कुशीवर वळणाऱ्या मुलाला अडवतो. धावत्या गाडीच्या धक्क्यात पट्ट्याचे काम तो करू शकत नाही. निर्णय झाला. गाडी चालू असताना प्रत्येक जण आसनावर पट्टा बांधून बसेल आणि शय्या केवळ थांबलेल्या गाडीतच वापरल्या जातील.

मग प्रवासच दोन दिवसांचा झाला. सूर्यास्तापूर्वी गाडी थांबवायची, भोजन उरकायचे, प्रतिक्रमण करायचे आणि मुलांना झोपवायचे. घाईच्या बेतात जे रात्रिभोजनत्यागाचे व्रत निसटणार होते, तेही सहज पाळले गेले.

निघण्यापूर्वी भरलेली गाडी ट्रकच्या काट्यावर नेली. आकडा मर्यादेच्या आत होता. आजोबांनी तो वहीत लिहिला आणि खाली रेघ ओढली.

वस्तू उचलताना-ठेवताना दक्षता बाळगणे, यास आपल्याकडे आदान-निक्षेपण समिती म्हणतात. ती साधूंची समिती असली, तरी गृहस्थानेही तिचा अंश घ्यावा. मुलांवरील प्रेम आपल्याला अधिक देण्यास प्रवृत्त करते. किती आणि कोठवर, हे परिमाण सांगते. ज्या घरात देण्याआधी मोजण्याची सवय आहे, त्या घरातील मुले निर्धास्त झोपतात.