मस्टरवरचा लाल शेरा

कचेरीतील मस्टर ठरल्या वेळी साहेबांच्या टेबलावर गेले, की त्यानंतर पोहोचणाऱ्याच्या नावापुढे लाल शेरा पडे. आता मस्टरची जागा बोटाचा ठसा घेणाऱ्या यंत्राने घेतली आहे. न्याय मात्र जुनाच राहिला आहे. तीन उशिरांमागे एक नैमित्तिक रजा, हा हिशेब आजही अनेक आस्थापनांत चालतो. उशिरा येणारा माणूस बेफिकीर असतो, ही त्यामागील समजूत. मुंबईपुरती तरी ही समजूत तपासून पाहणे अगत्याचे झाले आहे.

बदलापूरहून फोर्टात येणाऱ्या कारकुनाचेच उदाहरण घ्या. घरच्या उंबरठ्यापासून कचेरीच्या दारापर्यंत त्याचे पावणेदोन तास सहज मोडतात, परतताना तितकेच. वर्षाचे २५० कामाचे दिवस धरले, तर हे ८७५ तास होतात. म्हणजे आठ तासांचे सुमारे १०९ दिवस! या दिवसांचे वेतन नाही, आणि ही विश्रांतीही नव्हे. यातील बराच वेळ तो एका पायावरून दुसऱ्या पायावर भार टाकीत उभा असतो. झोपेला कात्री लागते ती याचसाठी. अपुऱ्या झोपेचा रक्तदाबाशी आणि मधुमेहाशी संबंध आहे, हे वैद्यकशास्त्र सांगते. स्त्रियांचे हाल तर याहून अधिक. पहाटे उठून डबे भरायचे, आणि वाटेत स्वच्छतागृहाची खात्री नाही म्हणून पाणीही बेतानेच प्यायचे! अशा शरीराने एखाद्या दिवशी अंथरूण सोडण्यास नकार दिला, तर त्यास कामचुकारपणा कोणत्या तोंडाने म्हणावे?

दूर राहण्याची हौस कोणास असते? एके काळी परळ-लालबागचा गिरणीकामगार भोंगा ऐकून पायी कामावर जात असे. १९८२ च्या संपानंतर गिरण्या बंद पडत गेल्या. त्यांच्या जमिनींवर मनोरे उभे राहिले आणि पगारदार माणूस कसारा, कर्जत, विरारकडे सरकला. रोजगाराचा मोठा भाग मात्र शहरातच राहिला.

९ जून २०२५ रोजी मुंब्र्याजवळ, सोमवारच्या सकाळी, भरगच्च गाड्यांच्या दारांत उभे असलेले प्रवासी रुळांवर पडले आणि त्यांतील काहींचे प्राण गेले. त्यानंतर स्वयंचलित दारांच्या गाड्यांची घोषणा झाली. ती स्वागतार्हच आहे. परंतु दार मिटल्याने दारापर्यंत लोटणारी घाई मिटत नाही. त्या घाईचे एक टोक हजेरीच्या यंत्रात आहे.

कायद्याने हे नाते ओळखले आहे. २००३ साली पहाटेच्या पाळीवर निघालेला महाराष्ट्रातील साखर कारखान्याचा एक पहारेकरी वाटेत अपघातात गेला. घर आणि कामाची जागा यांमधील असा अपघात, काळ, स्थळ व परिस्थिती यांचा कामाशी संबंध सिद्ध झाल्यास, नोकरीतलाच मानावा, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २९ जुलै २०२५ रोजी दिला. मृत्यूपुरती जी वाट नोकरीचा भाग ठरते, ती जिवंत माणसासाठी परकी कशी?

उपाय अवघड नाहीत. मध्य रेल्वेने नोव्हेंबर २०२३ मध्ये आपल्या मुख्यालयातील कर्मचाऱ्यांना दोन निरनिराळ्या वेळा दिल्या. सरकारी कचेऱ्या, बँका, विमा कंपन्या आणि खासगी आस्थापना यांनी हाच कित्ता गिरवावा. गाड्या विस्कळीत झाल्याचे रेल्वे जाहीर करील त्या दिवशी उशिराची नोंदच होऊ नये. जे काम घरून होते, त्यासाठी आठवड्यातून एकदोन दिवस माणसास घरीच राहू द्यावे. यांपैकी कशासाठीही नवा रूळ टाकावा लागत नाही. व्यवस्थापकाची एक सही पुरे. नव्या मार्गांची मागणी सरकारकडे करीत राहू; पण ही सही होण्यास विलंब लागला, तर तो लाल शेरा कोणाच्या नावापुढे मारावयाचा?