गळक्या नळीचे अर्थशास्त्र

कार्तिकी जवळ आली, की आळंदीतल्या धर्मशाळांची साफसफाई सुरू होते आणि अंगणाअंगणांतून हिरव्या-निळ्या प्लॅस्टिकच्या नळ्या बाहेर निघतात. वर्षभर जिन्याखाली वेटोळे घालून पडलेली नळी नळाच्या तोटीवर चढविली जाते. ती सैल बसते, म्हणून तिच्यावर सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी करकचून बांधतात. पाणी सुटले, की त्या पट्टीखालून चहूबाजूंना कारंजे उडू लागते. याचे कोणालाच काही वाटत नाही. जोड म्हटला की तो गळायचाच, अशी सर्वांची समजूत झालेली आहे. मंगल कार्यालयांच्या मागील दारी, नव्या सोसायट्यांच्या वाहनतळावर आणि वारीच्या दिवसांत रांगेने उभ्या राहणाऱ्या टँकरांच्या मागेही हेच दृश्य थोड्याफार फरकाने दिसते.

वास्तविक नळ आणि नळी यांचा जोड गळण्याची कारणे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच आहेत. नळीचा आतला व्यास तोटीच्या बाहेरच्या व्यासाशी जुळत नाही. उन्हाने नळीचे टोक कडक होऊन चिरलेले असते. आट्यांचा जोड असेल तर त्यातला रबरी वायसर झिजलेला असतो, किंवा मुळात बसविलेलाच नसतो. उपायही तितकेच साधे आहेत. चिरलेले टोक चार बोटे कापून टाकावे, उरलेले टोक गरम पाण्यात धरून मऊ करावे, खाचा असलेल्या तोटीवर ते शेवटपर्यंत चढवावे आणि वरून स्टीलची क्लिप आवळावी. आट्यांच्या जोडात नवा वायसर घालावा. नळाच्या बाजूचे आटे पाझरत असतील तर ज्या दिशेने जोड फिरून बसतो त्याच दिशेने टेप गुंडाळावी. जुने कारागीर यासाठी ताग आणि सफेदा वापरीत. पान्याने बळेबळे आवळल्याने मात्र गळती थांबत नाही, वायसर तेवढा फाटतो. सगळे मिळून काम पंधरा मिनिटांचे आणि खर्च एका साध्या जेवणाहूनही कमी.

मग ते होत का नाही? कौशल्याचा अभाव हे उत्तर निदान या भागात तरी कोणी देऊ नये. आळंदीहून दररोज पहाटे कामगारांच्या बसगाड्या चाकण आणि भोसरीकडे जातात. चाकणच्या कारखान्यांत मोटारी आणि मोटारसायकली तयार होतात. त्यांच्या ब्रेकच्या नळीतून एक थेंब गळलेला चालत नाही; प्रत्येक जोड ठरावीक जोराने आवळलेला आहे की नाही, हे तपासले जाते. तिथे जोडाचा जोड घट्ट बसविणारा माणूस संध्याकाळी घरी परततो आणि अंगणातल्या नळाला ट्यूबची पट्टी बांधतो. हात तेच आहेत. कारखान्यात गळणाऱ्या जोडाची किंमत कोणाच्या तरी नावावर मांडली जाते, अंगणात ती कोणाच्याच नावावर मांडली जात नाही, एवढाच काय तो फरक.

अर्थशास्त्राच्या भाषेत याला सीमान्त किंमत शून्य असणे म्हणतात. राज्यातील पुष्कळ लहान नगरपरिषदांत पाणीपट्टी ही जोडणीच्या व्यासावरून वर्षाकाठी ठोक आकारली जाते. अर्ध्या इंचाच्या जोडणीचा मालक वर्षाला शंभर बादल्या वाया घालवो की दहा हजार, त्याच्या बिलात एका पैशाचाही फरक पडत नाही. वायसरचे दोन-पाच रुपये आणि दुकानापर्यंतची पायपीट मात्र त्याच्याच पदरी येते. अशा स्थितीत जो वायसर बदलतो तो सद्‌गृहस्थ असेल, पण व्यवहारी नव्हे. नागरिकांच्या बेफिकिरीवर नेहमीचे प्रवचन झोडण्यापूर्वी हा हिशेब ध्यानात घेतलेला बरा.

वाया जाणारे पाणी तरी किती? सेकंदाला एक थेंब पडत राहिला, तर दिवसाकाठी सुमारे 20 लिटर पाणी जाते. जोडातून मिनिटाला लिटरभर पाणी उडत असेल, तर दोन तासांत 120 लिटर होतात. मलनिःसारणाची सोय असलेल्या शहरात माणशी दररोज 135 लिटर पाणी मिळावे, असे केंद्र सरकारचे मानक आहे. म्हणजे एका धर्मशाळेच्या अंगणात दोन तासांत जवळजवळ एका माणसाचा दिवसभराचा वाटा फरशीवर सांडतो. तथापि आकडे फुगवून सांगण्यात अर्थ नाही. जिथे पाणी ठरावीक वेळीच सुटते, तिथे जोडही तेवढ्याच वेळात गळतो. नगरपरिषदांच्या जमिनीखालच्या जुन्या वाहिन्यांतून जे पाणी मुरते, त्याच्या तुलनेत अंगणातली गळती किरकोळच आहे. हिशेबात न येणारे पाणी 20 टक्क्यांच्या आत असावे, असे केंद्राने 2008 च्या सेवामानकांत सांगितले. बहुतेक शहरांना तो आकडा अजून दुरूनच दिसतो.

तेव्हा प्रश्न केवळ बाहेर जाणाऱ्या पाण्याचा असता, तर त्यासाठी एवढी शाई खर्च करण्याचे कारण नव्हते. जो जोड पाणी बाहेर सोडतो, तो पाणी आतही घेतो. ही गोष्ट फार थोड्यांच्या लक्षात येते. पाणी बंद झाले, की वाहिनीतले उरलेले पाणी उताराकडे धावते आणि मागे पोकळी निर्माण होते. त्यातच कोणी थेट नळाला मोटर लावली असेल, तर ओढ आणखी वाढते. अशा वेळी नळीचे मोकळे टोक बादलीत, टाकीत किंवा गटाराच्या कडेला पडलेले असेल, तर ती नळी बाहेरचे पाणी शोषून घेते. सैल जोड चिखलात बुडालेला असेल तर तोही तेच करतो. दुसऱ्या दिवशी नळ सुटला, की पहिल्या चार बादल्या शेजारच्या घरात जातात. शुद्धीकरण केंद्रात घातलेल्या क्लोरीनने या उशिरा आलेल्या पाहुण्याचा बंदोबस्त दर वेळी होईलच, असे नाही.

आळंदीत हे अधिक गांभीर्याने घेतले पाहिजे. शहराला भामा आसखेड धरणाचे पाणी मिळू लागल्याने मोठा दिलासा मिळाला, यात शंका नाही. परंतु इंद्रायणीच्या पात्रावर तरंगणारा पांढरा फेस गेल्या काही वर्षांत सर्वांनी वारंवार पाहिला आहे, आणि यात्रेच्या दिवसांत याच लहानशा शहरात लाखोंची दाटी होते. धरणातून स्वच्छ पाणी आणण्यावर कोट्यवधी खर्च करावेत आणि शेवटच्या वीतभर अंतरात ते गटाराशी जोडून ठेवावे, हा व्यवहार कोणत्याही ताळेबंदात बसणारा नाही. 2012 च्या उन्हाळ्यात इचलकरंजीत काविळीची मोठी साथ आली, तेव्हा गळक्या जलवाहिन्यांत मिसळलेल्या सांडपाण्याकडेच बोट दाखविले गेले. तीही उद्योगनगरीच. 2025 च्या जानेवारीत पुण्यात सिंहगड रस्त्याच्या परिसरात गुलियन-बारी सिंड्रोमचे रुग्ण एकाएकी वाढले, तेव्हाही पहिला संशय पिण्याच्या पाण्यावर गेला. ब्रिटनमध्ये पाणी चोवीस तास दाबाने असते. तरीही तिथल्या 1999 च्या नियमांनुसार बागेतल्या नळीच्या नळाला पाणी उलटे येऊ न देणारी दुहेरी झडप लागते. आपल्याकडे दाब दिवसातून काही तासच असतो आणि झडपेच्या जागी ट्यूबची पट्टी असते.

यावर मीटर बसवा, असे सांगणे सोपे आहे. गरिबाला त्याचा भुर्दंड पडेल हा आक्षेप खोटा नाही, पण त्याला उत्तर आहे आणि ते सातारा जिल्ह्यात कऱ्हाडशेजारच्या मलकापूरने देऊन ठेवले आहे. या लहानशा गावाने 2009 च्या सुमारास चोवीस तास पाणी आणि प्रत्येक जोडणीला मीटर अशी योजना अमलात आणली. दराची पट्टी अशी ठेवली, की गरजेपुरते वापरणाऱ्याला पाणी स्वस्त आणि वापर वाढेल तसा दर चढा. वाहिनीत सतत दाब राहिला, की बाहेरचे पाणी आत शिरत नाही. मीटर असला, की गळका जोड बिलावर उमटतो. दोन्ही रोगांवर एकच मात्रा. मात्र ती घेण्याआधी नगरपरिषदेने आपले घर आवरले पाहिजे. रस्त्याखाली स्वतःची वाहिनी फुटकी ठेवून नागरिकाच्या वायसरचा हिशेब मागण्याचा अधिकार कोणालाच पोहोचत नाही.

मीटर येईपर्यंत हातावर हात धरून बसण्याचेही कारण नाही. ‘धर्मयुग’मधील ‘ढब्बूजी’मुळे घरोघरी पोहोचलेले व्यंगचित्रकार आणि लेखक आबिद सुरती यांनी 2007 मध्ये मीरा रोडला एक साधा उद्योग आरंभिला. साहित्य पुरस्काराची रक्कम हाताशी घेऊन दर रविवारी एका प्लंबरसह ते इमारतींमधून फिरू लागले आणि घरोघरचे गळके नळ फुकट दुरुस्त करून देऊ लागले. बहुतेक ठिकाणी वायसर बदलला, की काम होई. सुरतींनी लोकांना उपदेश केला नाही. दुरुस्तीचा खर्च आणि खटपट लोकांच्या अंगावरून काढून स्वतःच्या अंगावर घेतली. अर्थशास्त्राच्या वर्गात ज्याला प्रोत्साहन म्हणतात, ते याहून निराळे नसते.

आळंदीत हेच काम कार्तिकीपूर्वीच्या पंधरवड्यात होऊ शकते. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत नळकारागिरी शिकणाऱ्या विद्यार्थ्यांना रोजाने घ्यावे, त्यांच्याबरोबर नगरपरिषदेचा एक फिटर द्यावा, आणि वायसर, क्लिपा व टेप यांचा खर्च पाणीपट्टीच्या उत्पन्नातून करावा. धर्मशाळा, मठ आणि मंगल कार्यालये यांची यादी नगरपरिषदेकडे असणारच. सुरुवात मात्र टँकरांपासून व्हावी. एका टँकरमधून शेकडो माणसे पाणी पितात, आणि टँकरची नळी दिवसातून दहा वेळा रस्त्यावर टाकली व उचलली जाते. ज्या टँकरच्या नळीचा जोड गळतो त्याला यात्रेच्या काळात परवाना मिळू नये. प्रत्येक टँकरच्या मागे एक आकडा असावा, नळीच्या तोंडाला झाकण असावे, आणि पाणी देऊन झाले, की नळी जमिनीवर न सोडता त्या आकड्याला अडकविली जावी.