आधी खोकी काढा

दिवाळी तोंडावर आली की आमच्या पनवेलात घरोघरी एकच हाक उठते, "माळा काढा!" आणि माळ्यावरून निघते काय? पंखा कधीचा छताला फिरतो आहे. त्याचे खोके मात्र वर जपून ठेवलेले. "लागेल कधीतरी!"

वाचकहो, संगणकालाही असा माळा असतो. आमच्या शेजारच्या नानांकडे उबुंटू, म्हणजे लिनक्सचाच एक अवतार. गेल्या आठवड्यात त्यावर सूचना झळकली, डिस्कवर जागा नाही. नाना कासावीस झाले आणि कैलासवासी माईंची छायाचित्रे पुसायला निघाले! मी म्हटले, "नाना, थांबा. जागा कुणी अडवली ते तरी आधी पाहू."

'डीएफ' ही आज्ञा डिस्क किती भरली ते सांगते. 'डीयू' कोणत्या कप्प्यात किती माल आहे ते. शोधत शोधत आम्ही 'व्हार'मधल्या 'कॅश'मध्ये, तिथून 'एपीटी'च्या 'अर्काइव्ह्ज'पाशी पोहोचलो. तिथे ११ जीबी! ही कॅश म्हणजे रोकड नव्हे हो. लपवणे या अर्थाच्या फ्रेंच क्रियापदावरून आलेला हा शब्द.

एपीटी हा उबुंटूचा कोठावळा. नवा प्रोग्रॅम मागवला की त्याचे गाठोडे आधी इथे उतरते, मग सोडून सामान जागच्या जागी लावले जाते. 'एपीटी-गेट' आज्ञा रिकामे झालेले गाठोडेही राखून ठेवते. २०१६ पासूनच्या उबुंटूत नुसती 'एपीटी' आज्ञा ते काम झाल्यावर टाकून देते. पण नाना जुन्या वळणाचे!

'सुडो एपीटी-गेट क्लीन' एवढे लिहिले आणि ११ जीबी मोकळे झाले. प्रोग्रॅम एकही गेला नाही. गेली ती खोकी. पुन्हा लागलीच, तर इंटरनेटवरून मागवता येतात. 'क्लीन'ऐवजी 'ऑटोक्लीन' लिहिले, तर कोठारात आता न मिळणारी जुनी गाठोडीच तेवढी निघतात. मात्र 'व्हार'मधल्या 'लिब'ला हात लावू नका. घरात काय काय लावले आहे, त्याची वही तिथे असते.

माईंच्या छायाचित्रांची एक प्रत आता वेगळ्या डिस्कवरही आहे.

जागा अपुरी पडली की आपला हात आधी जिवाभावाच्या वस्तूंवर पडतो, कारण त्या डोळ्यांसमोर असतात. खोकी असतात अंधारात. म्हणून यंदा एक पणती माळ्यावरही न्या.