पिस्तुलाची सही

अमेरिकेतली बंदुकीची बातमी म्हणजे गोळीबाराची बातमी, असे समीकरण आपल्या मनात पक्के झाले आहे. शाळा, मॉल, चर्च. मग मेणबत्त्या, मग भाषणे आणि मग पुढच्या बातमीपर्यंत शांतता. पण तिथल्या बंदुकीची खरी लढाई रस्त्यावर होत नाही, ती न्यायालयात होते. तीही कित्येकदा एखाद्या स्प्रिंगवरून, खटक्यावरून किंवा सुईच्या टोकाएवढ्या अक्षरांवरून. कॅलिफोर्नियात गेली पंचवीस वर्षे चाललेली अशीच एक लढाई समजून घेण्यासारखी आहे. सॅन होजे, फ्रीमाँट, इर्व्हाइन ही नावे आता मराठी घरांत नाशिक-साताऱ्याइतक्या सहजपणे घेतली जातात, म्हणून तर ती जास्तच जवळची आहे.

गोष्ट सुरू होते 1999 साली. कॅलिफोर्नियाने असुरक्षित पिस्तुलांविरुद्धचा कायदा केला. हातातून पडले तर आपोआप उडू नये, चालवताना अडकू नये, अशा चाचण्या उतरलेल्या पिस्तुलांची सरकारी यादी करायची आणि दुकानदाराने यादीतलेच नवे पिस्तूल विकायचे, अशी ही योजना. ती 2001 पासून लागू झाली. यात फारसे वावगे कोणाला वाटले नसते; आपण प्रेशर कुकरवरही शिक्का बघूनच घेतो.

पुढे अटी वाढत गेल्या. 2007 पासून यादीत येणाऱ्या नव्या अर्धस्वयंचलित पिस्तुलांना दोन गोष्टी हव्यात असे ठरले. आत काडतूस भरलेले आहे हे बाहेरून दाखवणारी खूण ही पहिली. दुसरी म्हणजे, मॅगझीन काढून घेतले की पिस्तूल उडूच नये अशी कळ. यामागचा विचार साधा आहे. मॅगझीन काढले म्हणजे पिस्तूल रिकामे झाले, अशी समजूत होते. पण एक गोळी नळीच्या तोंडाशी बसलेली असते. घरातले पोर ते उचलते, चाप ओढते आणि आयुष्यभराचे दुःख होऊन बसते.

त्याच 2007 साली गव्हर्नर श्वार्झनेगर यांनी तिसऱ्या अटीवर सही केली. सिनेमात त्यांनी किती पिस्तुले चालवली असतील ते असो! ही अट अशी की, गोळी सुटताना पिस्तुलाने रिकाम्या पुंगळीवर आपला मेक, मॉडेल आणि क्रमांक सूक्ष्म अक्षरांत उमटवावा. थोडक्यात, पिस्तुलाने प्रत्येक गोळीवर सही करावी. खून झाला, हत्यार सापडले नाही, तरी पुंगळी सापडली की मालकापर्यंत माग काढता येईल, ही कल्पना.

एक अडचण मात्र होती. या तंत्रज्ञानावर पेटंट होते आणि पेटंटचे बंधन सुटेपर्यंत अट लागू होणार नव्हती. तेव्हा बंदूकधारकांच्या कॅलगन्स फाउंडेशन या संस्थेने चक्क 555 डॉलर फी भरून ते पेटंट जिवंत ठेवले. ज्या शोधाला विरोध, त्याचेच आयुष्य वाढवायचे! कायद्याची पळवाट इतक्या स्वस्तात क्वचितच मिळाली असेल. शेवटी मे 2013 मध्ये तेव्हाच्या अॅटर्नी जनरल कमला हॅरिस यांनी अट लागू झाल्याचे जाहीर केले.

आणि मग काय झाले? कारखानदारांनी हात वर केले. स्मिथ अँड वेसन आणि रुगर या दोन मोठ्या कंपन्यांनी 2014 च्या सुरुवातीलाच सांगून टाकले की, आम्ही हे करणार नाही. पुढची जवळजवळ दहा वर्षे एकही नवे अर्धस्वयंचलित पिस्तूल यादीत चढले नाही. जुनी मात्र गळत गेली. 2020 साली सरकारने आणखी एक कलम घातले: नवे एक आले की जुनी तीन यादीतून जातील. 2013 मध्ये हजाराच्या वर असलेली यादी घटत घटत आठशेच्या आसपास आली.

बंदूकधारक न्यायालयात गेले आणि आधी हरले. 2018 साली राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की, पालन अशक्य आहे एवढ्याच कारणावरून कायदा रद्द करता येत नाही. त्याच वर्षी संघराज्याच्या अपील न्यायालयानेही कायदा उचलून धरला. पण 2022 च्या जूनमध्ये वॉशिंग्टनच्या सर्वोच्च न्यायालयाने न्यूयॉर्कच्या एका खटल्यात नवी फूटपट्टी दिली. शस्त्रावरचे आजचे बंधन देशाच्या ऐतिहासिक परंपरेशी जुळते का, हे पाहायचे. ही फूटपट्टी हातात घेऊन मार्च 2023 मध्ये न्यायाधीश कॉर्मॅक कार्नी यांनी तिन्ही अटींना मनाई हुकूम दिला. बंदुकीच्या नळ्या तपासण्याचे, घरात दारू साठवण्याचे जुने कायदे सरकारने पुढे केले होते. ते पुरेसे जुळत नाहीत असे त्यांचे म्हणणे पडले. थोड्याच दिवसांत सॅन दिएगोच्या न्यायाधीशांनीही तसाच निर्णय दिला.

सरकारने अपील केले ते पहिल्या दोन अटींपुरते आणि अपील न्यायालयाकडून तेवढ्यापुरती स्थगिती मिळवली. सहीच्या अटीवरचा मनाई हुकूम तसाच राहू दिला. ज्या अटीवर पंधरा वर्षे डोके आपटले, ती सरकारने एका झटक्यात सोडून दिली आणि यादीत पुन्हा नवी नावे दिसू लागली. मात्र त्याच 2023 च्या सप्टेंबरात नवा कायदा करून सरकारने हीच अट 2028 सालासाठी परत आणली, तंत्रज्ञान व्यवहार्य ठरले तर.

निकालांनंतर बंदूकधारकांना आनंद झाला, पण त्या आनंदात विश्वास नव्हता. त्यांचे म्हणणे आपण हसण्यावारी नेऊ नये. ते म्हणतात, खूण आणि कळ इतकी मोलाची असेल, तर पोलिसांना त्यातून सूट का? कॅलिफोर्नियात पोलीस यादीबाहेरचे पिस्तूल विकत घेऊ शकतो. म्हणजे सरकारच्या लेखी जे 'असुरक्षित', ते सरकारच्याच माणसाच्या कमरेला. दुसरे म्हणजे, मारामारीत मॅगझीन निसटले तर हातातले पिस्तूल लोखंडाचा तुकडा होईल. तिसरे, गुन्हेगार फायरिंग पिन घासून टाकील किंवा नेमबाजीच्या मैदानावरच्या दुसऱ्याच्या पुंगळ्या वेचून गुन्ह्याच्या जागी टाकील. आणि सर्वांत मोठा संशय असा की, सुरक्षितता हे निमित्त आहे. खरा हेतू पिस्तुले हळूहळू संपवण्याचा आहे.

मी आयुष्याची बरीच वर्षे बँकेत काढली. स्ट्राँगरूमला दोन किल्ल्या असतात, एक एकाकडे, दुसरी दुसऱ्याकडे. एकट्याने तिजोरी उघडता येत नाही. याचा अपमान कोणी मानला नाही, कारण नियम शिपायापासून मॅनेजरपर्यंत सगळ्यांना सारखा होता. उद्या 'मॅनेजर सोडून बाकीच्यांना' असे परिपत्रक निघाले असते, तर नियम तोच राहूनही त्याला चोरपहाऱ्याचा वास आला असता. कॅलिफोर्नियाच्या सरकारने केलेली चूक मला अशीच वाटते.

पण दुसरी बाजूही तितकीच खरी आहे, आणि ती जास्त जड आहे. 2021 साली अमेरिकेत बंदुकीने 48,830 माणसे मेली. त्यातल्या 26,328 आत्महत्या होत्या, म्हणजे निम्म्याहून जास्त. 2020 पासून तिथल्या मुलांच्या आणि किशोरांच्या मृत्यूचे पहिले कारण मोटार-अपघात राहिलेले नाही. ते बंदूक झाले आहे. या आकड्यांपुढे 'परंपरेत असे बंधन नव्हते' हे उत्तर अपुरे वाटते. अठराव्या शतकात घरातल्या उशीखाली एकापाठोपाठ दहा-पंधरा गोळ्या सोडणारे यंत्रही नव्हते.

संशय किती नुकसान करतो याचे उदाहरण न्यू जर्सीचे आहे. मालकाच्याच हातात चालेल असे 'स्मार्ट' पिस्तूल देशात कुठेही विक्रीला आले, की तीन वर्षांनी आमच्या राज्यात फक्त तसलीच विकायची, असा कायदा तिथे 2002 साली झाला. हेतू उत्तम. 2014 साली मेरीलँडमधल्या एका दुकानदाराने मनगटी घड्याळाच्या संगतीतच चालणारे जर्मन पिस्तूल ठेवायचे ठरवले. त्याला जिवे मारण्याच्या धमक्या आल्या आणि त्याने बेत सोडला. कारण ते दुकानात आले असते, तर न्यू जर्सीतली सक्ती सुरू झाली असती. ज्या कायद्याने ते पिस्तूल आणायचे, त्याच कायद्याने ते अडवले! 2019 मध्ये सरकारला सक्ती सोडून सौम्य अट घालावी लागली. पुढे ते पिस्तूल साध्या चुंबकांनी फसवता येते हेही 2017 साली एका तंत्रज्ञाने दाखवून दिले.

मोटारींच्या बाबतीतही हे घडले आहे. पट्टा बांधल्याशिवाय गाडी सुरूच होणार नाही, अशी यंत्रणा 1974 च्या गाड्यांना सक्तीची केली, तेव्हा अमेरिकन माणूस एवढा चिडला की त्याच वर्षी काँग्रेसने ती सक्ती मोडीत काढली. पण पट्टा राहिला. हळूहळू राज्याराज्यांत कायदे झाले, सवय लागली आणि आज तोच माणूस मुकाट्याने पट्टा लावतो. यंत्राने जे झाले नाही ते काळाने आणि पटवण्याने झाले.

बंदुकीचे तसे होईल का? तिथे अडचण अशी की पट्टा कोणाच्या राज्यघटनेत नाही, शस्त्र आहे. म्हणून प्रत्येक खटक्याचा खटला होतो आणि प्रत्येक निकालानंतर एक बाजू पेढे वाटते, दुसरी नवा मसुदा लिहायला बसते. न्यायालय कायदा रद्द करू शकते, तगवू शकते; शेजाऱ्याचा शेजाऱ्यावरचा आणि नागरिकाचा सरकारवरचा विश्वास त्याच्या अधिकारकक्षेत येत नाही.

तोवर निकालाची वाट न पाहता करता येण्यासारखे एक काम आहे. आपल्यापैकी कित्येकांची नातवंडे त्या देशात शेजारच्या घरी खेळायला जातात. तिथले बालरोगतज्ज्ञ पालकांना सांगतात की, पोराला पाठवण्याआधी विचारा: घरात बंदूक आहे का, आणि असल्यास कुलपात आहे का? आपल्याला हा प्रश्न उद्धटपणाचा वाटतो. कुत्रा चावरा आहे का, असे आपण निःसंकोच विचारतो. हेही तसेच विचारावे. सज्जन बंदूकधारकाला त्याचा राग येत नाही. आणि ज्याला येतो, त्याच्या घरी मूल न पाठवायला कुठल्याच न्यायालयाची परवानगी लागत नाही.