गोळी दिली, पण पट्टा बांधला का?

परवा मलकापूरहून आतेबहिणीचा फोन आला. पहिलटकरीण, सातवा महिना. "अक्का, लघवीला जळजळत होतं. दुकानातनं अँटिबायोटिक आणून घेतलं. आता बरं हाय, नुसतं डोकं तेवढं दुखतंय."

जळजळ थांबली म्हणून ती खूश. मी मात्र त्या डोकेदुखीपाशी अडकले. त्याच दुपारी तिला तपासायला पाठवलं. बीपी १५०/१००, लघवीत प्रथिनं. आत्या म्हणाली, "अगं, पण गोळ्या घेतल्या की तिनं!"

आत्याचं हे वाक्य काही डोक्यातून जाईना, म्हणून हे लिहायला बसले.

मी डॉक्टर नाही, पण चार गोष्टी वाचल्या. गरोदरपणात लघवीचा संसर्ग झालेल्या बायकांत बीपीचा हा विकार जास्त आढळतो, असं बऱ्याच अभ्यासांत दिसलंय. पण म्हणून अँटिबायोटिकनं बीपी टळतं, असं ठरत नाही. संसर्गावर उपचार हवेतच, पण डॉक्टरांनी लघवी तपासून दिलेले.

आपल्या शेजारच्या बेळगावात आणि नागपुरात यावर मोठं काम झालंय. सात देशांतल्या २९ हजारांवर बायकांच्या अभ्यासात ही दोन्ही केंद्रं होती. बाळंतकळा सुरू असताना अ‍ॅझिथ्रोमायसिनचा एकच डोस दिला, तर आईला सेप्सिस होण्याचं किंवा मृत्यूचं प्रमाण २.४ वरून १.६ टक्क्यांवर आलं (२०२३). मोठीच गोष्ट! पण ते औषध जंतूंसाठी होतं, बीपीसाठी नव्हे. बीपी वाढून झटके येण्याचा धोका निम्म्यावर आणतं ते मॅग्नेशियम सल्फेट. हे २००२ सालीच जगभरच्या मोठ्या अभ्यासात सिद्ध झालंय. पण ते कुणाला द्यायचं, हे कळायला आधी बीपी मोजायला नको का?

आपल्याकडे "गोळी दिली का?" असं विचारतात. "पट्टा बांधला का?" असं कुणी विचारत नाही. वाढलेलं बीपी बहुतेक वेळा जाणवतही नाही. डोकं दुखायला, डोळ्यांपुढं काजवे चमकायला लागेपर्यंत उशीर झालेला असतो. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यांत गरोदर बायकांची मोफत तपासणी होते, २०१६ पासून. ती चुकवू नका.

बहीण सध्या कोल्हापुरात दवाखान्यात आहे. बीपी ताब्यात आहे, बाळही ठीक. आत्या रोज फोन करते. आता पहिला प्रश्न असतो, "आज किती भरलं गं बीपी?"

असो. तुमच्या घरात कुणी गरोदर असेल, तर आज एवढं एकच विचारा.